तुझ्या पत्रातला ‘का’

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आधी घाईघाईत वाचलं आणि मग रात्री सगळं आवरल्यावर सावकाश पुन्हा वाचलं. चार पानांत ‘का’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. तो का बोलत नाही, का टाळतो, मीच का. सहावीत तुझे निबंध मी तपासत असे तेव्हा तू पानभर उत्तर लिहायचास आणि प्रश्न विचारायला लाजायचास. आता प्रश्नच प्रश्न आहेत. ते तू मला विचारलेस याचं मला फार बरं वाटलं.

तुझ्या तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे. ‘एवढ्याशा गोष्टीचं मी उगाच मोठं करतोय का?’ त्याचं उत्तर आधी देते. नाही. तीन वर्षं रोज शेजारी बसणारा मुलगा नववीत तुकडी बदलल्यावर जिन्यात समोर आला की भिंतीकडे बघत निघून जातो, ही एवढीशी गोष्ट नाही. माणूस गेला की चार लोक भेटायला येतात. मित्र गेला की कुणी येत नाही. घरचे म्हणतात, दुसरे मित्र कर. म्हणून आपल्यालाही वाटायला लागतं की यात दुःख करण्यासारखं काही नसावं.

किपलिंग विल्यम्स नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत. एकदा ते आपल्या कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. एक उडती तबकडी त्यांच्याजवळ येऊन पडली. वळून बघतात तर दोन अनोळखी माणसं ती परत मिळायची वाट बघत उभी. यांनी ती फेकली. त्यांनी पुन्हा यांच्याकडे टाकली. बघता बघता तिघांचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने त्या दोघांनी काही न बोलता यांच्याकडे टाकणं बंद केलं आणि आपापसात खेळत राहिले. ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा दोन माणसांनी वगळल्याचं आपल्याला इतकं लागावं, याचं विल्यम्स यांना नवल वाटलं. त्यांनी पुढे त्यावरच काम केलं. संगणकावर चेंडू फेकण्याचा एक साधा खेळ तयार केला. खेळणाऱ्याकडे थोडा वेळ चेंडू येतो, मग येईनासा होतो. २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर आणि मॅथ्यू लीबरमन यांच्याबरोबर त्यांनी हाच खेळ मेंदूच्या स्कॅनमध्ये तपासला. शरीराला दुखतं तेव्हाच्या त्रासाशी जो भाग जोडला जातो, तो वगळलं गेल्यावरही जास्त सक्रिय झालेला दिसला. पुढच्या एका प्रयोगात तर लोकांना आधीच सांगितलं होतं, की समोर माणसं नाहीत, नुसता संगणक आहे. तरी त्यांना लागलंच.

तुझ्याकडे चेंडू टाकणं ज्याने थांबवलं तो तर तुला ओळखत होता. तुला कशाचं हसू येतं आणि कशाची भीती वाटते हे त्याला माहीत होतं. तेव्हा ‘मी फारच हळवा आहे’ हे वाक्य खोडून टाक.

आता तुझ्या ‘का’कडे येते.

मी दहावीत असताना माझी एक मैत्रीण अशीच गेली. भांडण नाही, तंटा नाही. एका सोमवारी ती पुढच्या बाकावर दोघीजणींच्या मध्ये जाऊन बसली आणि तिथलीच झाली. मी कारणं शोधायला लागले. भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी यादी केली होती. माझे दात पुढे आहेत. माझा आवाज चिरका आहे. तिच्या वाढदिवसाला मी उशिरा पोचले. चाचणीत मला तिच्यापेक्षा जास्त गुण पडले. सगळ्यात खाली होतं, ‘मी कंटाळवाणी आहे.’ ते मी खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा गिरवलं. शेवटी तिथे कागद फाटला आणि मागचं पान दिसायला लागलं. ते भोक मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

सत्तावीस वर्षांनी आमची गाठ पडली. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर मी धीर करून विचारलं. तिला आधी आठवेचना. मग म्हणाली, ‘अगं, त्या दोघी फार हसवायच्या. मला तिथे मजा यायची तेव्हा. तुझं काही नव्हतं गं त्यात.’ एवढंच. सत्तावीस वर्षं ज्या खटल्यात मी आरोपी होते, तो खटला कधी दाखलच झाला नव्हता. मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. पण घरी येताना डोक्यात घोळत होती ती माझी यादीच. त्यातलं एकही कारण तिने दिलेलं नव्हतं. सगळी माझ्याच हातची होती.

तुझ्या पत्रातही तशीच यादी आहे. मी विचित्र बोलतो. मला खेळ जमत नाही. माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. हे त्याने सांगितलेलं नाही. त्याने काहीच सांगितलेलं नाही, आणि ती रिकामी जागा तू स्वतःच्या विरुद्ध भरतो आहेस. वर्गात मी तुम्हाला कधी एकही प्रश्न कोरा सोडू दिला नाही. काहीतरी लिहा, अर्धा गुण तरी मिळेल, असं म्हणायचे. हा प्रश्न मात्र कोरा सोड. रात्री डोकं उत्तर मागायला लागलं की म्हण, मला माहीत नाही. पहिल्या दिवशी ते खोटं वाटेल. पण तेच खरं आहे.

यादीतली एक गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती मी सोडून देणार नाही. तू लिहिलंस, की गेल्या वर्षी तो धडा वाचताना अडखळला, वर्ग हसला आणि तूही हसलास. तो त्यामुळेच गेला की नाही, कुणास ठाऊक. पण ते चुकलंच, हे तुलाही कळतंय. नाहीतर तू लिहिलं नसतंस. तर तेवढ्यापुरती माफी माग. एकदाच, थोडक्यात, शक्यतो समोरासमोर. नाही जमलं तर निरोप पाठव. ‘त्या दिवशी तू वाचताना अडखळलास आणि मी हसलो. तसं करायला नको होतं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’ यापुढे एक ओळही नको. आपल्या मैत्रीचं काय झालं, मी किती एकटा आहे, हे त्यात घालू नकोस. माफीच्या पिशवीत मागणी ठेवली की समोरच्याला ती जड होते. निरोप पाठवला की त्याने तो वाचला का हे बघत बसू नकोस. त्याचं शेवटचं ऑनलाइन किती वाजता होतं ते तू रोज बघतोस, असं लिहिलं आहेस. त्याचं नाव म्यूट कर. फोटो पुसायची गरज नाही, एका फोल्डरमध्ये टाक. ती तीन वर्षं खरी होती आणि ती तुझीही आहेत.

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सातवीतल्या मुलांच्या पाचशेहून जास्त मैत्रीच्या जोड्यांचा बारावीपर्यंत मागोवा घेतला होता. शेवटपर्यंत टिकलेल्या निघाल्या साधारण १ टक्का. बहुतेक तर पहिल्या वर्षातच सुटल्या होत्या. हे वाचून तुझं दुःख कमी होणार नाही, मला माहीत आहे. पण आपल्यालाच मैत्री टिकवता येत नाही असं जे तुला वाटतं, ते यात बसत नाही.

आता शाळेचा दिवस. तू सगळ्यात जास्त मधल्या सुट्टीबद्दल लिहिलं आहेस. बाटली भरलेली असताना पुन्हा नळावर जाणं, दप्तराची चेन उघडणं, आत काहीतरी शोधल्यासारखं करणं, चेन लावणं, परत उघडणं. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मी इतकी वर्षं वर्गाच्या दारात उभी राहून ती चेन ऐकली आहे आणि दर वेळी मला ती कळली नाही.

तुला वाटतं, सगळा वर्ग तुझ्याकडे बघतोय. २००० साली थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गंमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला लाज वाटेल अशा एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावला आणि दुसऱ्या मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. मग विचारलं, किती जणांनी तुझा टी-शर्ट पाहिला असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्या जणांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या लक्षात आलं होतं. वर्गातला प्रत्येक जण आपापला टी-शर्ट सांभाळत बसलेला असतो. तू एकटा बसलास हे काहींना दिसतं, पण तू समजतोस तितक्यांना नाही.

तरी ती तीस मिनिटं काढायची असतात, आणि ‘कुणाला दिसत नाही’ एवढ्याने ती निघत नाहीत. म्हणून सुट्टीला जायची जागा सकाळीच ठरवून ठेव. सोमवारी ग्रंथालय, मंगळवारी मैदानाची कड, जे काय असेल ते. घंटा झाल्यावर ‘आता कुठे जाऊ’ असा प्रश्न पडला की ती चेन सुरू होते.

‘आपापल्या जोड्या करा’ हे दुसरं. हे वाक्य मी स्वतः कितीदा उच्चारलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एकदा असंच म्हणून मी फळ्याकडे वळले. परत बघते तर एक मुलगी वर्गाच्या मधोमध प्रयोगवही छातीशी धरून उभी. मी म्हणाले, ‘हिला कोण घेतं?’ त्या एका प्रश्नाने मी तिचं किती नुकसान केलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानंतर मी जोड्या नेहमी स्वतः पाडल्या. तुझ्या विज्ञानाच्या शिक्षकांना हे सुचलं नसेल. तास सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं त्यांना गाठून सांग, ‘सर, जोड्या तुम्ही पाडाल का? मला नेहमी अडचण होते.’ एवढं वाक्य पुरेसं आहे. कारण सांगावं लागत नाही. नाहीतर आदल्या दिवशीच कुणाला तरी विचारून ठेव, ‘उद्या प्रयोग आहे, माझ्याबरोबर करशील?’ सगळ्यांसमोर विचारण्यापेक्षा हे खूप सोपं जातं. विचारला जाणाराही बऱ्याचदा सुटकेचा निःश्वास टाकतो, हे मी पाहिलेलं आहे.

गणितात घसरल्याचं तू शेवटी एका ओळीत लिहिलंस, जणू ते वेगळं काही आहे. वेगळं नाही. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं, की ‘तू पुढे एकटाच राहशील’ असं ज्यांना सांगितलं गेलं, ते तर्क लढवायच्या प्रश्नांत मागे पडले. साध्या पाठांतरावर मात्र तसा परिणाम झाला नाही. म्हणजे बुद्धी गेलेली नाही. तिचा बराचसा भाग दुसरीकडे गुंतला आहे. फार वाईट दिवस असेल तर त्या दिवशी भूमितीचं प्रमेय घेऊन बसू नकोस. शब्दार्थ, सनावळ्या, सूत्रं घे. प्रमेय दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि झोप. तुझ्या वयात रात्री आठ ते दहा तास लागतात. तू एक वाजेपर्यंत जुने निरोप वाचत बसतोस आणि सहाला उठतोस.

एक गोष्ट नीट वाच. वगळलं जाणं वेगळं आणि छळ वेगळा. कुणी दप्तर लपवत असेल, ढकलत असेल, तुझे फोटो ग्रुपवर टाकून टर उडवत असेल, धमकावत असेल, तर ते ‘कोरं सोडायचं’ नाही. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, सगळं वहीत लिही. स्क्रीनशॉट ठेव. घरी सांग, वर्गशिक्षकांना सांग. पहिल्या मोठ्या माणसाने ‘दुर्लक्ष कर’ म्हणून हात झटकले, तर दुसऱ्याकडे जा, मग तिसऱ्याकडे. आणि दुसऱ्या पानावर तू लिहिलंस, ‘कधी कधी वाटतं मी नसतो तर कुणाला कळलंही नसतं.’ यावर मी खूप वेळ थांबले. ते नुसतं वाटणं आहे की स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो, हे मी तुला सरळ विचारते आहे आणि मला सरळ उत्तर हवं आहे. तसा विचार येत असेल तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस. त्याच क्षणी आईला किंवा बाबांना उठव, रात्रीचे दोन वाजले असले तरी. त्यांच्याशी बोलवत नसेल तर हेल्पलाइनला फोन कर, किंवा मला. मला झोपेतून उठवल्याचं कधीच वाईट वाटणार नाही.

आता नवीन मित्रांबद्दल. ‘सहा महिने झाले या तुकडीत, अजून एकही झाला नाही.’ जेफ्री हॉल नावाच्या संशोधकाने २०१८ मध्ये मैत्रीला लागणारे तास मोजायचा प्रयत्न केला. तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, नीट मैत्री व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग म्हणावं इतकं जवळ यायला दोनशेहून जास्त. त्यातही एकाच वर्गात किंवा एकाच कामावर नुसतं बरोबर असण्याने फारसं काही जुळत नाही. हसणं, टवाळक्या करणं, उगाच वेळ घालवणं, हे तास कामी येतात. तू सहा महिने वर्गात बसला आहेस, पण असे तास तुझ्या वाट्याला किती आले? बहुधा पाचही नाहीत. तुझ्यात काही कमी आहे म्हणून मित्र झाले नाहीत हे मला पटत नाही. तास झाले नाहीत म्हणून झाले नाहीत, हे पटतं. आठवड्याला दोन तास धरले तर ५० तासांना २५ आठवडे लागतात. म्हणजे अर्धं वर्ष. इतक्या सावकाश होणारी गोष्ट आहे ही. आठ दिवसांत काही झालं नाही म्हणून तू हिरमुसलास तर मी तुला हाच हिशेब दाखवीन.

घोळक्यात घुसून गप्पा मारायला मी तुला सांगणार नाही. तुला ते कधीच जमलं नाही आणि जमायची गरजही नाही. तुझ्यासारख्या मुलांना हातात काम असलं की बोलता येतं. दोघांची नजर तिसऱ्या वस्तूवर असली की शब्द आपोआप येतात, गप्प बसलं तरी अवघडत नाही. आणि ती वस्तू तू स्वतःच ताज्या कलमात लिहिली आहेस: ‘ता. क. घरातलं जुनं भिंतीवरचं घड्याळ उघडलं, परत जोडलं, पण एक चाक उरलं.’

चार पानांत हे एकच वाक्य असं होतं जिथे तू रडवेला नव्हतास.

ते घड्याळ शाळेत ने. प्रयोगशाळेच्या मदतनिसांना विचार, की आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर तासभर मागच्या टेबलावर बसू द्याल का. बहुतेक हो म्हणतील. एकटं काम करणाऱ्या माणसांना कुणी काही उघडून बसलेलं आवडतं. वार एकच ठेव आणि तो चुकवू नकोस. कुणी येऊन ‘हे काय करतोस’ असं विचारेल. त्याला सगळं घड्याळ समजावून सांगू नकोस. स्क्रू काढायला दे.

पुढच्या वेळी मागची पट्टी सोडवण्याआधी मुख्य स्प्रिंगचा ताण उतरवून घे. ताणलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोट फाडते. प्रत्येक भाग काढल्यावर फोटो काढ आणि ज्या क्रमाने काढलं त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेव. उरलेलं चाक मोठं आहे की लहान, त्याचे दात किती, हे तू लिहिलंच नाहीस. ठोके देणाऱ्या बाजूचं असेल तर ते नसतानाही घड्याळ चालू शकेल, फक्त वाजणार नाही. चालतंय का ते? दात मोजून कळव, आणि मी वर जे सरळ विचारलं आहे त्याचं उत्तरही त्याच पत्रात, चाकाच्या आधी लिही.

तुझ्या
बाई